खिशातली दुसरी धार

पत्राचा सारांश: पत्रलेखक तिशीतले आहेत. प्रदर्शनांचे स्टॉल आणि नाटकांचे सेट उभारण्याचं काम करतात. सकाळी खोकी फोडायची, चिकटपट्ट्या कापायच्या, दोऱ्या तोडायच्या आणि दुपारी त्याच घडीच्या चाकूने पडद्याचं कापड नि फोमशीट सरळ रेषेत कापायचं. तोवर धार गेलेली असते. यावर उपाय म्हणून त्यांनी दुधारी घडीचा चाकू घ्यायचं ठरवलंय. एक धार राकट कामाला, दुसरी नाजूक कामाला. तीन चाकू निवडूनही ठेवलेत. पहिला नेहमीसारखा मुठीत दुमडणारा, पण दोन्ही कडांना धार असलेला. दुसऱ्याचं पातं खटका सरकवला की मुठीच्या तोंडातून सरळ बाहेर येतं. तिसरा दोन मुठींचा बटरफ्लाय. ‘यातला खिशात ठेवायला सर्वांत सुरक्षित कोणता?’ असा प्रश्न आहे. बायकोचा खरेदीला साफ विरोध आहे, कारण घरात चार वर्षांचं मूल आहे आणि बाबा आले की ते थेट त्यांच्या खिशाला लटकतं. पत्राच्या शेवटी दोन वाक्यं घाईत लिहिल्यासारखी आहेत: ‘रात्री उशिरा घरी येतो, तेव्हा असं काही जवळ असलेलं बरंच. आणि मी डावखुरा आहे, त्याने काही फरक पडतो का?’

नमस्कार.

तुमचं पत्र वाचल्यावर मी आधी पुठ्ठा आणि कात्री घेऊन बसले. तुम्हीही बसा, पाच मिनिटांचं काम आहे. दोन सेंटिमीटर रुंद आणि आठ सेंटिमीटर लांब पट्टी कापा. हे पातं. तिच्या दोन्ही लांब कडांवर लाल पेनने रेघ ओढा. या दोन धारा. आता जाड कागद मधोमध दुमडून दहा सेंटिमीटर लांब आणि दीड सेंटिमीटर खोल अशी पन्हळ करा. ही मूठ. दोन्हींच्या एका टोकातून टाचणी घाला आणि चाकू मिटा. एक लाल रेघ पन्हळीत गडप होईल. दुसरी मात्र अर्धा सेंटिमीटर वर, उघड्यावर राहील.

साध्या घडीच्या चाकूत ही उघड्यावर राहणारी कड म्हणजे पात्याची पाठ. ती बोथट असते म्हणूनच घडीचा चाकू ही वस्तू खिशात राहू शकते. आपलं सगळं लक्ष धारेकडे असतं, पण दिवसभरात बोटं किती वेळा पाठीला लागतात ते मोजून बघा. खिशात हात घातला की आधी पाठ लागते. उघडताना दुसऱ्या हाताच्या चिमटीत पाठीकडचा भाग येतो. बारीक काम करताना अंगठा किंवा तर्जनी पाठीवर टेकवून जोर देतो. मिटवताना तर पाठच ढकलतो, कधीकधी तळहाताने. शिवाय पातं पुसताना फडकं पाठीकडून धरतो, ते वेगळंच. इतक्या सगळ्या ठिकाणी तुम्हाला दुसरी धार हवी आहे.

मग मूठच खोल का करत नाहीत, असं तुम्ही विचाराल. करतात. पण पातं पूर्ण आत बुडालं की ते धरून उघडायला काही उरत नाही. मग पात्याच्या बुडाशी, मुठीच्या पाठीकडून डोकावणारं एक शेपूट ठेवावं लागतं. ते बोटाने दाबलं की पातं फिरून बाहेर येतं. फ्लिपर म्हणतात त्याला. उघडण्याचा प्रश्न असा सुटतो. मिटवण्याचा सुटत नाही. उघडं पातं अडवून ठेवणारं कुलूप सोडून ते परत आत ढकलायचं म्हणजे बोट त्याच दुसऱ्या धारेवर ठेवायचं. बुडाशी दोन-तीन सेंटिमीटर धार न लावता सोडली तरच हे जमतं, आणि तेवढी धार सोडायची तर दुधारीचा हट्ट कशासाठी?

म्हणून तुमचा पहिला चाकू माझ्यापुरता बाद. पण तो रद्द करण्याआधी एकदा नीट बघा, कारण फोटोत दुधारी दिसणारे बरेच घडीचे चाकू दुधारी नसतात. टोकाकडच्या तिसऱ्या हिश्श्यात पाठ दोन्ही बाजूंनी तासून निमुळती केलेली असते. टोक हलकं होतं, सहज शिरतं आणि दिसायला रुबाबदार. ही खोटी धार. तिची कड अर्धा-एक मिलिमीटर जाड असते आणि ती कापत नाही. विकणाऱ्याला सरळ विचारा, पाठीला धार लावलेली आहे की नुसती तासलेली. नुसती तासलेली असेल तर तो साधा एकधारी चाकू आहे आणि त्याचा विचार करायला हरकत नाही.

एक कबुलीही देऊन टाकते. वीसेक वर्षांपूर्वी माझ्याकडे असाच खोट्या धारेचा चाकू होता. मी हौसेने पुस्तकबांधणी करते. पुठ्ठा कापून धार उतरली की मला राग यायचा. एका रविवारी दगड घेऊन बसले आणि त्या खोट्या धारेची खरी करून टाकली. मोठी अक्कल लढवल्यासारखं वाटत होतं. आठवड्याभरात कोटाच्या खिशाचं अस्तर जाळीसारखं झालं आणि सुट्टे पैसे आतून कोटाच्या खालच्या शिवणीत जाऊन बसले. तेवढ्यावर भागलं नाही. एकदा किल्ली काढायला खिशात हात घातला, तर करंगळीच्या बुडाशी हलकंसं काहीतरी ओढल्यासारखं झालं. दुखलं नाही. किल्ली ओली का लागतेय हे बघितलं तेव्हा कळलं. धारदार कापलेलं आधी दुखत नाही, हीच त्यातली मेख.

आता दुसरा, खटक्याचा. तुम्ही विचारलंय फक्त खिशातल्या सुरक्षिततेचं, आणि तेवढंच बघायचं तर तिघांत हा वरचढ आहे, हे मान्य करते. पातं दुमडतच नाही, आगपेटीच्या खणासारखं सरळ आत जातं, दोन्ही धारा मुठीच्या पोटात. दुधारी पाती याच जातीत जास्त दिसतात ती म्हणूनच. पण तुमचं काम डोळ्यांसमोर आणा. फोमचा भुगा, पुठ्ठ्याची धूळ, चिकटपट्टीचा गोंद. पातं बाहेर-आत होताना हे सगळं मुठीच्या तोंडातून आत जाणार आणि आत स्प्रिंग, घसरपट्टी, पात्याला अडवणाऱ्या छोट्या खुंट्या. यातल्या बऱ्याच चाकूंत स्प्रिंग पात्याला फक्त झटका देते, शेवटचं अंतर पातं त्या वेगावर कापतं. वाटेत भुगा आला की ते अर्ध्यावरच थांबतं, ना धड उघडं ना धड मिटलेलं, आणि मग ते मार्गावर आणायला बोटांनी ओढावं लागतं. दोन्ही कडांना धार असलेलं पातं, बोटांनी. शिवाय सरकत्या पात्याला थोडी हालचाल ठेवावीच लागते, त्यामुळे जोर देऊन कापताना ते जरासं डुगडुगतं. कापडावर पट्टी ठेवून सरळ कापायचं तर ही डुगडुग नको.

त्यात कायदा आहे. खटक्याने उघडणाऱ्या चाकूंवर अमेरिकेने १९५८ मध्ये केंद्रीय कायदा करून आंतरराज्य व्यापाराला आळा घातला, ब्रिटनने १९५९ मध्ये ते बनवण्या-विकण्यावरच बंदी आणली. इतर अनेक ठिकाणी त्यांच्यावर कुठली ना कुठली बंधनं आहेत. तुम्ही राहता तिथला नियम काय, आणि कामानिमित्त जाता त्या प्रत्येक ठिकाणचा काय, हे खरेदीआधी तपासायचं. ऑनलाइन विकत मिळतो म्हणून खिशात ठेवायला परवानगी आहे असं होत नाही. ही गल्लत फार जण करतात.

तिसरा, बटरफ्लाय. रचना म्हणून मला हा आवडतो. दोन मुठी दोन खिळ्यांवर फिरतात, मिटल्यावर दोन्ही बाजूंनी पात्याला कवेत घेतात, दोन्ही धारा झाकल्या जातात. पण ज्याच्या हातात हा रोजचा खेळ आहे त्याला विचारा. तो सांगेल, एक मूठ ‘चावरी’ असते आणि एक ‘सुरक्षित’. सुरक्षित मूठ धरली की पातं फिरून बोटांवर आलं तरी त्याची बोथट पाठ लागते. उघडायला शिकताना सगळी भिस्त या फरकावर असते. दुधारीत दोन्ही मुठी चावऱ्या. शिवाय दोन मुठी बांधून ठेवणारी कडी खिशात घसरून सुटली तर मुठी फाकतात आणि मधलं पातं मोकळं होतं. ब्रिटनमध्ये १९८८ पासून हा बंदी असलेल्या हत्यारांच्या यादीत आहे, आणि तो एकटाच देश नाही. शिडीवर उभं राहून, एका हातात पडद्याची कड धरून उघडायचं हे साधन नाही.

तर ‘तिघांतला सुरक्षित कोणता’ याचं उत्तर झालं: कोणताच नको. पण तुमची अडचण खरी आहे, ती तशीच राहिली. तिच्याकडे वळू.

तुम्ही धरून चाललाय की धार लवकर जाते म्हणून दुसरी धार हवी. आधी बघू, धार जाते का. चिकटपट्टी कापताना पातं फारसं झिजत नाही. पट्टीचा गोंद पात्याच्या दोन्ही अंगांना चिकटतो, त्यावर कागदाचे तंतू आणि धूळ बसते आणि पातं कापडातून सरकेनासं होतं. हाताला ते बोथट लागतं. आज दुपारी चाकू ‘गेला’ की दगड काढू नका. फडक्याला स्पिरिट किंवा तेलाचे दोन थेंब लावा, पाठीकडून धारेच्या बाहेरच्या दिशेने पुसा आणि मग कापड कापून बघा. माझा अंदाज आहे की निम्म्या वेळा तेवढ्यावर काम होईल. (हे पुसणंही दुधारीवर अवघड. फडकं चिमटीत कुठून धरणार?)

खरा शत्रू पुठ्ठा. खोक्यांच्या पुठ्ठ्यात, विशेषतः पुन्हा वापरलेल्या कागदापासून केलेल्या, बारीक खनिज कण असतात. पात्यासाठी तो जवळपास पॉलिश पेपरच. उत्तम पोलादही तिथे हात टेकतं. तेव्हा खोकी फोडायला वेगळी धार हवी, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. फक्त ती त्याच पात्यावर हवी, हे बरोबर नाही.

कारण दुसरी धार फुकट येत नाही. समजा पातं २४ मिलिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर जाड आहे. एकच धार असेल तर जाडी पाठीपासून धारेपर्यंत, पूर्ण २४ मिलिमीटरमध्ये उतरत येते. पाचरीचा कोन होतो साधारण ७ अंश. दोन धारा असतील तर सर्वांत जाड भाग मधोमध येतो आणि प्रत्येक धारेच्या वाट्याला १२ मिलिमीटर. कोन साधारण १४ अंश, म्हणजे दुप्पट बोजड पाचर. टोकावरची शेवटची बारीक धार तुम्ही कितीही छान लावा, तिच्या मागचा भाग फोमशीट कापत जाण्याऐवजी फाकवत जाईल. कापलेली कड खडबडीत येईल. नाजूक कामासाठी म्हणून घेतलेली धार नेमक्या नाजूक कामालाच कमी पडेल. दुधारी पातं भोसकण्यासाठी जन्माला आलंय, कापण्यासाठी नाही. खंजीर बघा आणि शिंप्याची कात्री बघा.

मग करायचं काय? माझं मत स्पष्ट आहे. खोकी, पट्ट्या आणि केबल टाय यांच्यासाठी पातं बदलता येणारा कटर ठेवा. तो कामाच्या पिशवीत किंवा पट्ट्याच्या पाकिटात, खिशात नाही. समलंब आकाराच्या पात्याचा जो मजबूत कटर मिळतो त्यात पात्याची दोन्ही टोकं वापरता येतात. एक गेलं की मूठ उघडून पातं उलटं बसवायचं. बघा, तुम्हाला हवी होती तशी दुसरी धार इथे आहे, आणि पाळी येईपर्यंत ती मुठीच्या आत झोपून असते. तुकडे मोडत जायचा कटरही चालेल. ही कल्पना जपानमध्ये १९५६ मध्ये योशिओ ओकादा यांनी काढली. चॉकलेटच्या वडीचे तुकडे पडतात तसं पातं मोडत जायचं, की दर वेळी कोरी धार. पण जोराच्या कामाला तो लांब बाहेर काढू नका, मधेच मोडून उडतो. आणि मोडलेले तुकडे झाकणाच्या डबीत टाका, खिशात तर नकोच, कचऱ्याच्या पिशवीतही सुटे नकोत. कुणाच्या तरी हाताला लागतात.

खिशात मात्र एकच चांगला एकधारी घडीचा चाकू. त्याने पुठ्ठा कापायचा नाही, अशी शपथच घ्या. सहकारी मागायला येईल, ‘एक मिनिट दे रे’ म्हणेल. त्याला कटर द्या.

दोन वस्तू बाळगायच्याच नसतील, तर एका मुठीत दोन पाती असलेला खिशातला चाकू घ्या. दोन धारा आणि दोन पाती यांत बोलताना आपण घोळ घालतो, पण जमीनअस्मानाचा फरक आहे. दोन पात्यांच्या चाकूत प्रत्येक पात्याला आपापली बोथट पाठ असते आणि वापरात नसलेलं पातं मिटलेलं असतं. एका पात्याच्या बुडाशी नेलपेंटचा ठिपका लावून ठेवा, ते राकट कामाचं. दोऱ्या फार असतील तर एक पातं करवतीसारखं दातेरी असलेलं बघा. दोरीवर दाते उत्तम चालतात, कापडावर मात्र ते सूत ओढतात, आणि त्यांना धार लावायला सपाट दगड चालत नाही, बारीक सळई लागते.

आता खिशाचं. हे मी जरा सविस्तर सांगते, कारण चाकू कुठलाही घेतलात तरी हे लागू आहे.

हातात आल्यावर तो मिटवा आणि जुना सुती मोजा घेऊन सगळ्या बाजूंनी फिरवा. बोट नाही, मोजा. कुठे एखादा धागा अडकला तर तिथे टोक किंवा धार वर आलेली आहे. तो चाकू परत करा, दुकानदार काहीही म्हणो. मग टेबलावर घडी घातलेला टॉवेल अंथरा, मिटलेला चाकू पात्याची बाजू खाली करून धरा आणि मनगटाने दोन-तीन झटके द्या. पातं किंचितही बाहेर डोकावता कामा नये. मिटलेलं पातं मिटलेलं ठेवणारी एक छोटी यंत्रणा असते. जुन्या पद्धतीच्या चाकूत पाठीची पट्टीच स्प्रिंगचं काम करते, लायनर लॉकमध्ये, म्हणजे मुठीच्या आतली धातूची पट्टी सरकून उघडं पातं अडवते त्या प्रकारात, बारीक पोलादी गोळी पात्यावरच्या खळग्यात बसते. ती सैल असेल तर चाकू कितीही नावाजलेला असो, खिशात नको.

उघड्या पात्याचं कुलूप हा वेगळा विषय. उघडा चाकू घट्ट धरून पाठ लाकडी कडेवर हळूहळू दाबून बघायची, आपटायची नाही, आणि पातं मिटलंच तर त्याच्या वाटेत बोट नसेल असं धरायचं. आता बघा, ही साधी परीक्षासुद्धा दुधारीवर घेता येत नाही, दाबायला पाठच नाही. काही ठिकाणी कुलूप असलेला चाकू विनाकारण जवळ बाळगायला मनाई असते. ब्रिटनमध्ये कारण न सांगता बाळगता येतो तो फक्त ३ इंचांपर्यंत धार असलेला, कुलूप नसलेला घडीचा चाकू. तुमच्याकडचा नियम वेगळा असेल, पण तो काय हे माहीत असू द्या. कामाला तसंही सात-आठ सेंटिमीटरच्या वर पातं लागत नाही.

मुठीवर खिशाच्या काठाला अडकवायची क्लिप असेल तर चाकू खिशात उभा राहतो, तळाशी आडवा पडत नाही. ही क्लिपची पद्धत १९८१ मध्ये स्पायडर्को या अमेरिकी कंपनीने रुळवली आणि तिने खिशातल्या चाकूचं वागणंच बदललं. क्लिप अशी हवी, की मिटलेल्या पात्याची पाठ खिशाच्या शिवणीला टेकेल. मग पात्याला उघडायला जागाच मिळत नाही, शिवण त्याला रोखून धरते. पुन्हा तेच: शिवणीला बोथट पाठ टेकली तर शिवण राखण करते, धार टेकली तर शिवण उसवते. त्या खिशात किल्ल्या नकोत, सुटे पैसे नकोत, मोबाइल नको. मागच्या खिशात तर कधीच नको, तिथे आपण त्यावर बसतो. महिन्यातून एकदा क्लिपचे आणि पात्याच्या खिळ्याचे स्क्रू बघा. सैल पडलेला खिळा हे पातं आपोआप डोकावण्याचं सर्वांत सामान्य कारण असतं. चाकू हातातून निसटला तर पाय मागे घ्या आणि पडू द्या. झेलायला जाऊ नका. विमानाने जाणार असाल तर तो हातातल्या सामानातून आधी काढा. दर प्रवासात सुरक्षा तपासणीच्या ट्रेमध्ये कुणाचा ना कुणाचा आवडता चाकू राहून जातो.

घाईत लिहिलेल्या त्या पहिल्या वाक्याबद्दल. ‘रात्री जवळ असलेलं बरंच.’ मला वाटतं, तुमच्या निवडीत या वाक्याचा वाटा तुम्ही कबूल करता त्यापेक्षा मोठा आहे. फोमशीट कापायला कुणी बटरफ्लाय शोधत नाही. म्हणून विचारते: अंधारात कुणी अंगावर आलं, तुमचे हात थरथरतायत, तेव्हा खिशातून चाकू काढून, दोन्ही कडांना धार असलेलं पातं उघडून, ते आपल्याच बोटांत न घुसवता धरायचं, हे जमेल? आणि जमलं, तर पुढे काय करणार आहात? समोरच्याने फक्त पाकीट मागितलं असतं, तिथे आता चाकू आहे, आणि तो कुणाच्या हातात राहील याची खात्री नाही. शिवाय एरवी तुम्हाला कुणी अडवून विचारलं तर ‘कामासाठी ठेवतो’ हे खरं उत्तर तुमच्याकडे आहे. साधा चाकू असेल तर ते पटतं. दुधारी पात्याला मात्र बऱ्याच कायद्यांत खंजीर समजतात. हातात खंजीर असताना स्टॉल उभारण्याची गोष्ट कोण ऐकून घेणार? रात्रीच्या भीतीवर उपाय रात्रीचेच हवेत. परतीला सहकाऱ्याची सोबत, उजेडाचा रस्ता थोडा लांबचा असला तरी, हातात टॉर्च, घरी एक फोन. हे वाचायला मिळमिळीत वाटेल. वाटू दे.

तुमच्या पत्नीचं म्हणणं मी दोन भागांत बघते. घरात चाकूच नको असं त्यांना वाटत असेल तर ते जरा जास्त होतं, चाकू तुमच्या पोटापाण्याचं साधन आहे. पण या चाकूबद्दलची त्यांची भीती तुमच्या हिशेबापेक्षा अचूक निघाली. त्यांच्या समोर तो पुठ्ठ्याचा चाकू करा आणि लाल रेघ दाखवा. ‘तुझं बरोबर होतं’ हे शब्द तोंडाने म्हणा. मग नियम दोघांनी मिळून ठरवा. माझा सल्ला असा, की घराचा उंबरा ओलांडण्याआधी चाकू खिशातून निघून कामाच्या पिशवीत जावा आणि पिशवी कुलपाच्या कपाटात. चपला काढण्याआधी चाकू, हा क्रम अंगवळणी पडू द्या. पोरगं दारातच झेप घेतं, तुम्ही आत येऊन बसेपर्यंत ते थांबत नाही. बाबाच्या खिशात हात घालायचा नाही, हेही त्याला शिकवा, पण त्या शिकवणीवर विसंबू नका. चार वर्षांचं आहे ते.

तुम्ही पैसे भरून मोकळे झाला असाल, अशीही एक शंका मला आहे. पहिला चाकू असेल आणि परत जात नसेल, तर त्याची एक धार मारून टाका. खरखरीत दगड ओला करून टेबलावर पक्का बसवा, जाड हातमोजा घाला, पातं उघडून कुलूप बसल्याची खात्री करा आणि पाठीकडची धार दगडावर काटकोनात, उभी टेकवून करवत चालवल्यासारखी ओढा. दहा-बारा वेळा ओढली की कड चकाकायला लागते. ती चकाकी म्हणजे सपाटी, म्हणजे बोथट. कागदावर फिरवून बघा, कापायला नको. मोटरच्या चाकावर हे करू नका, पोलाद तापून निळं पडलं की त्याचा कडकपणा जातो आणि उरलेली धारही कामातून जाते. एवढं करूनही तो दिसायला खंजिरासारखाच राहील, तेव्हा बाहेर नेण्याआधी नियमाची चौकशी करा, नाहीतर घरीच वापरा. खटक्याचा किंवा बटरफ्लाय असेल तर बाळगायला परवानगी आहे का हे कळेपर्यंत तो घराबाहेर काढू नका.

आणि हो, डावखुरेपणाने फरक पडतो, चांगलाच पडतो. क्लिप डावीकडे लावता येते एवढ्यावर ‘दोन्ही हातांसाठी’ असं छापून बरेच चाकू विकले जातात. क्लिप सोडा, कुलूप बघा. लायनर लॉकची पट्टी उजव्या हाताच्या अंगठ्याने बाजूला ढकलायची असते. डाव्या हातात तिथे तर्जनी वाकडी करून न्यावी लागते, आणि जोराने धरलं की बोटांच्या दाबाने ती चुकून सुटण्याचीही भीती. त्यापेक्षा बॅक लॉक घ्या. त्याची कळ मुठीच्या पाठीवर मधोमध असते, दोन्ही अंगठ्यांना सारखीच. नाहीतर फिरत्या कड्याचा चाकू, फ्रान्सच्या ओपिनेलने १९५५ मध्ये आणला तसा. मुठीच्या तोंडाशी एक धातूचं कडं असतं, ते फिरवलं की उघडं पातं अडकतं. आता मिळणाऱ्या चाकूंत मिटलेलं पातंही त्याच कड्याने अडकवता येतं. त्याला बहुधा क्लिप नसते, त्यामुळे खिशात पाकीट शिवून घ्यावं लागेल. पण मिटल्यावर कडं फिरवलेलं असेल तर तो चार वर्षांच्या बोटांनी सहजासहजी उघडत नाही. तुमच्या जागी मी असते तर हाच घेतला असता, डाव्या खिशात.